क्लोव्हर बेंडचा दणकेबाज ओटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ओटा आहे. ओटा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर गॅसची शेगडी आली असेल, तर ती आधी खाली उतरवा. माझ्यावर स्वयंपाक होत नाही, माझ्यावर नाच होतो. टेक्सासात ब्रॅझोस नदीच्या काठी क्लोव्हर बेंड नावाचं गाव आहे. त्या गावच्या बागेत, पेकनच्या झाडांखाली, मी पाऊणशे वर्षांहून जास्त काळ ऐसपैस पसरलेला आहे. माझी मापं विचारू नका, या वयात कुणी मापं सांगत नाही. सगळं गाव माझ्यावर एकदम नाचलं तरी पोरांना पकडापकडी खेळायला कोपरा उरतो, एवढं कळलं तरी पुरे.

मी जन्मापासून ओटा नव्हतो. माझ्या पाइनच्या फळ्या आधी नदीपलीकडच्या मोठ्या मळ्यावर, कापसातली सरकी काढायच्या जिनमध्ये ठोकलेल्या होत्या. त्या मळ्यावर या गावाचे वाडवडील गुलाम म्हणून राबले. गुलामीतून मुक्तीचा जाहीरनामा निघाला, पण ती बातमी टेक्सासात पोचायला अडीच वर्षं लागली. ज्या दिवशी पोचली तो दिवस होता एकोणीस जून. तेव्हापासून ही माणसं दर एकोणीस जूनला सण करतात. शहरातल्या बागेत काळ्या माणसांना पाय ठेवू देत नसत, म्हणून त्यांनी पैपैसा जमवून नदीकाठी स्वतःची बाग घेतली. जागा झाली, झाडं झाली, पण नाचायला पायाखाली नुसती धूळ. चार गाणी झाली की नाचणारे आणि बघणारे सगळेच खोकायला लागायचे.

मग जिन बंद पडलं आणि मोडायला निघालं. गावचा सुतार हेझकाया प्रुइट त्याच्या फळ्या गाडीत भरून घेऊन आला. त्याची बायको ल्यूटी दारातच आडवी आली.

"त्या फळ्या इकडे आणू नका. माझ्या आजीचं कंबरडं मोडलंय त्यांच्यावर."

"म्हणूनच आणल्यात," हेझकाया म्हणाला. "तिथे आपल्या माणसांना पाय आपटायची चोरी होती. जरा ताल धरला की मुकादम ओरडायचा. आता आपटू दे की काय आपटायचं ते. नदीपलीकडे ऐकू जाऊ दे!"

ल्यूटी बाजूला झाली. हेझकायाने मला रंधा मारला आणि जमिनीवर न टेकवता खांबांवर उचलून धरलं. खाली मुद्दाम पोकळी ठेवली. त्यामुळे माझ्यावर पाय आपटला की ढोलासारखा दणका निघतो. लोक म्हणतात मला त्याचा गर्व आहे. आहेच, खोटं कशाला बोलू?

पहिल्या एकोणीस जूनला ल्यूटीने पदरात, म्हणजे तिच्या ॲप्रनमध्ये, मक्याचं जाडसर पीठ घेतलं आणि पेरणी करावी तसं माझ्यावर भुरभुरलं. लाकडावर बूट अडकू नयेत, पाय सरसर सरकावेत म्हणून. वाटेल त्या पिठाने हे होत नाही. साधं, कोरडं, नुसत्या मक्याचंच लागतं. ते माझ्या फटींत जाऊन बसतं आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी मला झकास पॉलिशही होतं.

पीठ पडल्यावर गावातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, पापा एझ्रा, पुढे आले. ते लहानपणी स्वतः गुलाम होते. त्यांनी बूट काढले, गावातल्या सगळ्यात लहान, नुकत्या चालायला लागलेल्या पोराचा हात धरला आणि अनवाणी माझ्यावर चढले. पाय आपटून म्हणाले, "ऊठ रे बाबा! आम्ही उठलो, आता तू ऊठ!" माझ्या अंगातून असा दणका निघाला की झाडावरचे कावळे उडाले. मग गाव नाचायला लागलं. तेव्हापासून हीच रीत पडली. सगळ्यात मोठ्याने सगळ्यात धाकट्याला हाताशी धरून मला जागवायचं, आणि ज्याने जागवायचं त्याने त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. ही इथली रीत आहे, आणि पुढची सगळी गंमत या रीतीमुळेच झाली.

त्या दिवशी हेझकायाची सहा वर्षांची लेक ओझेला भोकाड पसरून रडत होती. ओटा माझ्या बापाने केला, मग पापा एझ्राचा हात मला का धरू दिला नाही, म्हणून. म्हाताऱ्याने तिची हनुवटी वर केली.

"सगळ्यात धाकटी व्हायची तुझी वेळ गेली, पोरी. आता सगळ्यात मोठी होईपर्यंत थांब."

दुसरं एखादं पोर हे विसरून गेलं असतं. ओझेला विसरली नाही. ती थांबली.

मित्रांनो, माझे ते दिवस मोठे सुखाचे होते. आधी गिटार आणि तोंडाने वाजवायचा बाजा होता, मग कुणीतरी अकॉर्डियन आणलं, मग तबकड्या आल्या, मग माणसाएवढे स्पीकर आले. जोडीचा नाच गेला, रांगेचा नाच आला. रांगेच्या नाचात सगळे एकदम उजवीकडे वळतात तेव्हा माझ्या अंगावरून गार वारा गेल्यागत वाटतं. माझ्यावर लग्नं जमली, एक-दोन मोडलीही. एकोणीस जूनला इथे जे खाल ते लाल असतं, वाडवडिलांच्या रक्ताची आठवण म्हणून. लाल सोडा, कलिंगड, लाल केक, लाल सॉसेज. संध्याकाळपर्यंत पोरांच्या जिभा आणि माझ्या कडा, दोन्ही लालभडक होतात.

ल्यूटी गेल्यावर पीठ भुरभुरायचं काम ओझेलाकडे आलं आणि पीठ या विषयावर तिचं मत फार कडक होतं. तिचं तिच्या भावजयीशी, वर्डेलशी, सगळं आयुष्य या एका गोष्टीवरून वाजलं. वर्डेल मक्याच्या पावात साखर घालते. ओझेलाच्या मते मक्याच्या पावात साखर घालणाऱ्या बाईला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवायला पाहिजे.

"पाव करतेस की केक?" ती दर वर्षी विचारायची.

"तुझ्या पावाने माझा दात पडला, त्याचं आधी बोल," वर्डेल दर वर्षी सांगायची.

दोघी भांडत भांडत म्हाताऱ्या झाल्या. एकमेकींच्या ताटातलं खाणं मात्र दोघींनी कधी सोडलं नाही.

मग माझे वाईट दिवस आले. तरुण मंडळी ह्यूस्टनला, डॅलसला कामाला गेली. एकोणीस जूनला दहा-पंधरा डोकी जमायची, पाय कमी आणि काठ्या जास्त. माझ्या फटींतून गवत वर आलं, पोकळीत गांधीलमाश्यांनी घर केलं. एका वर्षी मला जागवायला सगळ्यात धाकटं म्हणून कुणी मिळेना, तेव्हा एका चाळिशीच्या बाप्याचा हात धरावा लागला. मी त्याही वर्षी वाजलो, पण मन लागलं नाही. फक्त ओझेला दर शनिवारी येऊन माझ्यावरचा पाला झाडून जायची.

अलीकडे या दिवसाला देशभर सुट्टी मिळाली आणि माणसं परत यायला लागली. ओझेलाची मुलगी रोझलिन सणाच्या समितीची प्रमुख झाली. तिचं ह्यूस्टनमध्ये केसांचं पार्लर आहे. बाई कामाला वाघ. तिने दिवे आणले, स्वच्छतागृहं आणली, आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"आई, या फळ्यांवरून कुणीतरी पडेल एक दिवस. आल्विस सिमेंटची छान गुळगुळीत फरशी घालून देतोय."

आल्विस म्हणजे तिचा चुलतभाऊ, सिमेंटकामाचा ठेकेदार. त्याला सगळ्या दुखण्यांवर सिमेंट हेच औषध माहीत आहे.

"सिमेंटवर पाय आपटला तर पाय दुखतो," ओझेला म्हणाली. "दणका देऊन उत्तर कोण देतं?"

गेल्या हिवाळ्यात गावचे सगळ्यात म्हातारे क्लिओथा आजोबा वारले. शंभरीला टेकले होते, समाधानाने गेले. आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की आता सगळ्यात मोठी ओझेला. सहाव्या वर्षी ती थांबायला लागली होती, आता मोडलेलं खुब्याचं हाड जोडून वॉकर घेऊन चालत होती. तिने मुलीला एवढंच सांगितलं, "या वर्षी मला माझ्या बापाच्या फळ्या जागवू दे. मग तुमची समिती आहे आणि तुमचा आल्विस आहे." रोझलिनने मान्य केलं. पण समितीत ठरलं, की या वर्षी ओट्याने जरा जरी त्रास दिला तर दुसऱ्या दिवशी तो उखडायचा.

हे सगळं माझ्या कडेला खुर्च्या मांडूनच ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

एकोणीस जूनची सकाळ उजाडली. ओझेलाला आज कामाला हात लावायचा नव्हता. ती पांढरा पोशाख घालून, हातात पंखा घेऊन झाडाखाली बसली होती आणि हात शिवशिवत असल्यामुळे सगळ्यांना सूचना देत होती. म्हणून पीठ भुरभुरायला रोझलिन आली. तिने ह्यूस्टनहून येताना दुकानातून खोकीच्या खोकी आणली होती. एक फोडलं, माझ्यावर रिकामं केलं, आणि माझ्या लगेच लक्षात आलं की काहीतरी बिघडलं आहे. मित्रांनो, पाऊणशे वर्षं मी मक्याचं पीठ अंगाला लावतोय. हे पीठ मऊ होतं, आणि गोड होतं! झटपट पाव करायचं तयार पीठ, त्यात मैदा आणि वर भरपूर साखर. रोझलिन वर्डेलमामीच्या हातचाच पाव आईच्या चोरून खात मोठी झालेली, त्यामुळे तिच्या दृष्टीने मक्याचं पीठ म्हणजे हेच. मी ओरडलो असतो, पण पायाशिवाय मला बोलता येत नाही.

दुपारपर्यंत दमट उकाड्यात ते पीठ ओलसर झालं. पोरं लाल सोड्याचे पेले हिंदकळत माझ्यावरून पळाली. बर्फाच्या पेट्या ठिबकल्या. आणि माझं अंग चिकट व्हायला लागलं. डीकन थर्मन, चर्चमधले ज्येष्ठ गृहस्थ, स्पीकर उचलून माझ्यावरून निघाले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि बूट जागच्या जागी ठेवून नुसत्या मोज्यावर पुढे गेले.

"हे काय झालं?" ते बुटाकडे वळून म्हणाले.

मागून आलेल्या वाजंत्र्याचाही बूट अडकला. मग मुंग्या आल्या. मला वाटतं अख्ख्या परगण्यातल्या मुंग्यांना आमंत्रण गेलं असावं. आल्विस गुडघ्यावर बसला, फळीला बोट लावलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"लाकडाची राळ सुटलीये उन्हाने. कुजलंय आतून. संपला हा."

मित्रांनो, मला फार लागलं ते. कुजला म्हणे! माझ्या एकाही तुळईला कीड नाही. पण लोक माना डोलवायला लागले. रोझलिनच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं, तिला आनंद झाला नव्हता. ती आईपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, ओट्यावर पाय ठेवता येत नाही. आपण गाड्या लावतो त्या जागेत जागवू या. तू तिथे पाय आपट, लोक टाळ्या वाजवतील."

"खडीवर?" ओझेला म्हणाली. तिचा पंखा थांबला. "खडीला काय सांगू, ऊठ म्हणून?"

इतकी वर्षं थांबलेली बाई शेवटच्या पावलाला हरते की काय, असं मला वाटलं. पण ती वॉकर धरून उठली. "निदान बघू तरी दे," म्हणाली, आणि हळूहळू माझ्या कडेपर्यंत आली.

माझ्या मधोमध ओमारी बसला होता. हा यंदाचा सगळ्यात धाकटा, वर्डेलचा पणतू, सणाच्या दोन आठवडे आधी चालायला लागलेला. सगळे माझं सुतक धरून उभे होते आणि हा पठ्ठ्या तळहात माझ्यावर दाबत होता आणि चाटत होता, परत दाबत होता आणि परत चाटत होता. चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

ओझेला त्याच्याकडे बघत राहिली.

"आल्विस, राळ चाखलीयेस कधी?"

"नाही, काकी."

"मी चाखलीये. बापाच्या फळ्यांतून गळलेली, लहानपणी. कडूजहर असते. मग हे पोर मिटक्या कशाच्या मारतंय?" तिने वाकता येईना म्हणून वॉकरचा पाय माझ्यावर घासला, त्याला बोट लावलं, बोट जिभेला लावलं. आणि नदीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "वर्डेल!"

कॅटफिश मासे तळायच्या तंबूतून वर्डेल झारा घेऊन धावत आली. "काय झालं? कोण पडलं?"

"माझ्या बापाच्या ओट्याला साखर लावलीस?"

"मी? अगं मी सकाळपासून तेलापुढे उभी आहे! माझा संबंध काय?"

"या गावात मक्यात साखर घालणारी दुसरी आहे कोण?"

तेवढ्यात रोझलिन अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई... मी."

मग डीकन थर्मन, अजून एकाच बुटावर होते, ते असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग सगळी बाग हसली. वर्डेल तर झारा टेकून हसली. "पोटची पोर माझ्याकडे फितूर झाली, ओझेला! मी जिंकले!" ओझेलाने रागावायचा फार प्रयत्न केला, पण तिला तो जमला नाही.

मग बादल्या आल्या. झाडू आले, पोतेरी आली. वाजंत्री रिकामे बसले होते, त्यांनी ताल धरला, आणि गावाने मला तालावर घासायला सुरुवात केली. झाडू उजवीकडे, झाडू डावीकडे, वळा, पाणी ओता. माझ्या सगळ्या आयुष्यात मला अशी आंघोळ कुणी घातली नव्हती. रोझलिन कालच केलेली केशरचना फडक्यात बांधून गुडघ्यांवर बसली आणि एकेक फळी ब्रशने घासत गेली. बोटांनी फटी चाचपत, खिळे दाबून बघत. आल्विसही घासत होता. एका फळीवर मूठ आपटून तो हळूच म्हणाला, "कुजलं नाहीये गं हे. चांगलं दगडासारखं आहे." मी मनात म्हटलं, आलास ताळ्यावर.

जूनच्या उन्हाने मला लगेच वाळवलं. आता प्रश्न पिठाचा. रविवार म्हणून दुकानं बंद, ओझेलाच्या घरचं पीठ सणाच्या पावात कालच संपलेलं, मग गावात साधं पीठ कुणाकडे? वर्डेल तंबूत गेली आणि माशांना लावायच्या मक्याच्या पिठाचं न फोडलेलं पोतं घेऊन आली.

"यात साखर?" ओझेलाने संशयाने विचारलं.

"मासा गोड खातात असं वाटलं का तुला?" वर्डेल म्हणाली. "चाख! चाखून बघ!"

ओझेलाने चाखलं. "साधं आहे," ती म्हणाली, आणि रोझलिनने ॲप्रन पसरून ते घेतलं, ल्यूटी आजी घ्यायची तसं, आणि माझ्यावर भुरभुरलं.

मग ओझेलाने बूट काढले. एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताने ओमारीचं बोट. वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेले होते. ते त्या पिठावर असे सुळकन सरकले, की पहिला नाच वॉकरनेच केला म्हणा ना. माझ्या मधोमध ती थांबली. तिचं पाऊल मी तिच्या सहाव्या वर्षापासून ओळखतो.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली. "आम्ही उठलो, आता तू ऊठ!"

आणि तिने पाय आपटला. फार जोरात नव्हता, खुब्याचं हाड जोडलेलं. पण मी जीव ओतला. माझ्या पोकळीत होतं नव्हतं ते सगळं एकवटून मी असा वाजलो की ओमारी दचकून खाली बसला आणि हसायला लागला, आणि दणका झाडांतून, पाण्यावरून, नदीपलीकडे गेला. तिथे आता जिन नाही, मळा नाही, गवत आहे. तरी गेला. ओझेला रडत होती आणि नाचत होती. तिने वर्डेलला वर ओढलं, वर्डेलने रोझलिनला ओढलं, आणि मग गाव आलं. एवढं नाचलं, एवढं नाचलं, की माझे जुने खिळे गरम झाले. आल्विस घामाघूम होऊन रोझलिनजवळून नाचत जाताना ओरडला, "सिमेंट कुठे घालू?"

"गाड्या लावतो तिथे घाल!" रोझलिन तशीच ओरडली.

मी उखडला गेलो नाही, मित्रांनो. पण गोष्ट इथे संपत नाही. नाच रंगात आलेला असताना रोझलिनची नात ब्रिएल माझ्या पायरीवर बसून हुंदके देत होती. वय वर्षं सात. ओटा घासायला मी पण होते, मग पणजीने माझा हात का धरला नाही, म्हणून. ओझेला वॉकर सरकवत तिच्यापाशी आली आणि तिची हनुवटी वर केली.

"सगळ्यात धाकटी व्हायची तुझी वेळ गेली, पोरी," ती म्हणाली. "आता सगळ्यात मोठी होईपर्यंत थांब."

ब्रिएलने डोळे पुसले आणि मान हलवली. मी तो चेहरा ओळखतो. ही पोर विसरणार नाही.

म्हणजे मला अजून आठ दशकं तरी टिकायला हवं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. जुन्या वस्तूला कुजली म्हणण्याआधी जरा पुसून बघा. पाला झाडत जा, गांधीलमाश्या काढत जा, खिळा वर आला तर ठोका. पीठ पसरण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवा. आणि कधी क्लोव्हर बेंडला आलात तर बूट काढून माझ्यावर या. एक पोर थांबली आहे, तिला उत्तर द्यायला मी असायला पाहिजे.